रेडिओमागचे डायरेक्टर

आधी चहा घ्या; हा किस्सा रिकाम्या पोटी पटायचा नाही.

एकावन्न-बावन्न साली ठाण्यात आमची रेडिओची कंपनी निघाली होती. मी चिटणीस. डायरेक्टर तिघे : निवृत्त मामलेदार अप्पासाहेब, एक दातांचे डॉक्टर आणि एक कीर्तनकार बुवा. एकदा कल्याणचे एक शेठ माल बघायला आले. त्यांची ऑर्डर हुकली असती तर कंपनीला टाळंच लागायचं.

शेठनी विचारलं, "तुमच्यात रेडिओतलं कळतं कुणाला?"

"इंजिनिअरला," अप्पासाहेब म्हणाले. "पण तो पडला पगारी माणूस, त्याला बोर्डावर कसा बसवणार? आज रजेवर आहे."

रेडिओ लावला तर ढिम्म. डॉक्टरांनी आत डोकावून निदान केलं, "मुळाशी कीड आहे."

अप्पासाहेबांनी बुवांना डोळ्यांनी खुणावलं. बुवा हळूच टेबलामागच्या पडद्याआड गेले आणि खणखणीत आवाजात दिल्लीच्या बातम्या सुरू झाल्या. शेवटी मात्र सवयीने म्हणालेच, "म्हणून श्रोतेहो, नामस्मरण सोडू नका!"

शेठनी मान डोलावली, पुढे झाले आणि रेडिओचं बटण बंद केलं. पडद्याआडून बुवांना ते कसं दिसणार? त्यांनी अभंग धरला.

शेठ शांतपणे म्हणाले, "आवाज झकास! वीस रेडिओ घेतो. पण प्रत्येक रेडिओमागे एक डायरेक्टर द्यायचा."

संध्याकाळी तातडीची मीटिंग भरली. रेडिओ दुरुस्त करू या, असं कुणी म्हणेचना. अप्पासाहेब बोटांवर मोजत म्हणाले, "आणखी सतरा लागतील. डोंबिवलीला माझे दोन मेहुणे रिकामेच आहेत."