लकी मॅग्नेट

नाही, सही नाही करणार — उचला तो कागद. 'त्या दिवशी मी मॅग्नेट धुतला नव्हता, त्यामुळे माझी चाचणी चुकीची' — वा! सव्वीस वर्षं या प्रयोगशाळेत भांडी धुतेय, ॲसिडनं बोटांची सालं निघाली, आणि मी धुतला नाही? बसा, उभ्याउभ्या नाही कळायचं. चौकशी कमिटीनं पाठवलंय ना, मग नीट ऐकून जा. हा बघा मॅग्नेट — पांढरा, करंगळीएवढा, फ्लास्कच्या तळाशी गरगर फिरतो, रसायनं ढवळतो. वर काळे ठिपके दिसले? पॅलॅडियम. जुन्या कुठल्या कामातला धातू, प्लॅस्टिकच्या चरांत घुसून बसलाय, कितीही घासा, ढिम्म हलत नाही. आणि मोठ्या सरांचा दावा काय? तर आपली पावडर धातूशिवाय रिॲक्शन घडवते! पेपरात फोटो, सत्कार, काय नि काय. अहो, राबत होता हा ठिपका, पावडर नुसती मिरवत होती!

कळलं कसं? इथे प्रत्येकाचा एक लकी मॅग्नेट असतो — हसू नका, शिकलेली माणसंच असली. ती पीएचडीची मुलगी याला कुणाला हात लावू द्यायची नाही. एकदा हा आठवडाभर हरवला, दुसरा टाकून बघितला — रिॲक्शन ठप्प, पोरगी रडून अर्धी झाली. फ्रिजखाली सापडला, टाकला — पुन्हा चालू! तिला वाटलं, नशीब. माझी नजर या ठिपक्यांवर गेली. दुपारी सगळे जेवायला गेले तशी मी पावडर न घालता नुसता हा टाकला. झाली की हो रिॲक्शन! लगेच प्रयोगशाळेच्या वहीत लिहिलं — बरं, लगेच नाही. चार महिन्यांनी. काय बघताय? भाची आहे ती माझी, धाकट्या बहिणीची मुलगी. म्हटलं, प्रबंध सादर होऊ दे एकदाचा. पण रोज येऊन सांगायची, "मावशी, आज पण झाली गं!" — ते ऐकवेना. लिहून टाकलं. तेव्हापासून बोलत नाही माझ्याशी, समोरून येते आणि भिंतीकडे बघत जाते. आणि मॅग्नेट तिला दिला कुणी? मीच! पहिल्या दिवशी, माझ्या खोक्यातून काढून. मला काय ठाऊक होतं! लिहा, हेही लिहा.

सही केली तर तिची पदवी वाचते — कळतं हो मला. आणि उद्या कुठे कुणी कोरा मॅग्नेट घेऊन हीच रिॲक्शन लावली, ती झाली नाही, म्हणजे? सर हात झटकतील, खोटी ठरेल पोरगी. आयुष्यभर. त्यापेक्षा तिची दोन वर्षं वाया जाऊ देत, शिव्या घालू दे मला. सरांना सांगा, असले कागद —

थांबा. हे सरांचं अक्षर नाही. हा 'ळ' असा खाली ओढून कोण काढतं ते मला विचारा — मांडीवर बसवून मीच गिरवून घेतलाय.

तिनं लिहून दिलं?

नाही. तरी नाही. सांगा तिला, मावशी नाही म्हणाली. जा आता तुम्ही.