यंदा कवळी खुडली नाय

लिव्हा काय लिव्हायचं ते, पन गावाचं नाव लिव्हायचं नाय, हे आधीच सांगून ठेवते. बेटाचंबी नाय. रस्ता कुठून फुटतो, होडी कुठं लागते, तेबी नाय. शहापूर तालुका म्हना, लय झालं. मागं एकानं असंच गोड बोलून इचारलं नि मोबाईलवर टाकलं, तर दुसऱ्या शनवारी आमच्या खळ्यात ह्या गाड्या उभ्या. तुमी नाव लिव्हनार नाय असा शब्द दिलात म्हनून चटई टाकली, नायतर दारातनंच वाटंला लावलं असतं.

माझं माहेर मुरबाडकडचं, धसईच्या पलीकडं. बाप भात नि नागली पिकवायचा, बाजाराला भाजी न्यायचा. लगीन होऊन मी हितं आले, हितं म्हंजे हितं नाय, ते खाली, ते पानी दिसतंय ना, त्याच्या बुडाशी. माझा बबन अंगावर पीत व्हता तवा धरन झालं. आमी गाय नि भांडी घेऊन वर आलो नि पानी आमच्या मागं मागं वर आलं, घर गेलं, खाचरं गेली, दारातली चिंच गेली. राह्यली ती देवीची टेकडी. तिच्या चारी अंगानं पानी झालं नि टेकडीचं बेट झालं. काय सांगू तुमाला, आमचं गाव बुडवलं नि ते पानी मुंबईच्या नळाला गेलं, तुमी प्यालात, अंघोळी केल्यात, गाड्या धुतल्यात, आमी काय बोललो नाय. उरली एक टेकडी, तर तीपन बगायला आलात.

त्या टेकडीच्या उतारावर कवळी येते. पावसाळ्यातली पयली भाजी, चिंचेच्या पाल्यावानी बारीक पानं असतात तिला. आमच्यात रीत हाय, देवीला कवळी दाखवल्याबिगर गावात कोनी पावसाळी पालेभाजी तोंडात घालायची नाय, टाकळा नाय, कुरडू नाय, भारंगी नाय. नि ती खुडायची आमच्याच घरच्या सुनंनं. सासूनं मला दाखवलं, गो, नुस्ता शेंडा खुडायचा, मूळ हलवायचं नाय, नि कडंकडंची तशीच सोडायची, तिचं बी सांडलं तर पुढल्या साली येल. धरन झाल्यावर मालक मला होडीतनं न्यायचे. भाजी तिथंच देवीपुढं शिजवायची, नि त्या टायमाला टेकडीवर जो कोन असंल, ढोरं राखनारा असू दे नायतर वाट चुकलेला, तो देवीचा पावना. त्याला पयलं पान, मंग गावाला.

नि हितंच माझं चुकलं. एका साली चार पोरं-पोरी आली, पावसात भिजून काकडलेली, मालकांना दया आली, त्यांनी होडीत घेतलं. पयलं पान मी त्यांना वाढलं, भाकर वाढली, नि जाताना माझ्या तोंडातनं आपसूक निघालं, परत या रे, आनखी चार मानसं घेऊन या. आपल्यात म्हनतात तसं. आता आपल्यात म्हनतात म्हनून कोन खरंच चार मानसं घेऊन येतं का? ती आली. त्या चारांनी आनखी चार आनली, नि त्यांनी आनखी. माझ्या हातची भाजी खाऊन गेली नि सगळ्या मुंबईला पत्ता देऊन बसली.

मंग मालक वारले. बबन आसनगावला गोदामात व्हता, ते काम सुटलं, त्यानं बापाच्या होडीला मशीन लावलं, तंबू आनले. पोराला सगळा दोष नाय देत मी, नात शहापूरला कालेजात जाते ती त्याच होडीच्या जिवावर. पन शनवार आला की माझ्या अंगाचा तिळपापड व्हतो. ही मुंबईची मानसं मोठ्यानं गानी लावतान, देवीकडं पाय करून झोपतान, देवळामागं जाऊन बसतान, कशाला ते सांगायला नको. बाटल्या फोडतान, त्या काचा आमच्या ढोरांच्या खुरात. एक बाई मला म्हनली, आजी, जरा बाजूला व्हा, फोटोत येताय. मी फोटोत येते! माझ्या देवीच्या दारात मी फोटोत येते!

तालुक्याचे साहेब आले, उपाय करू म्हनले. उपाय काय, तर एक बोर्ड नि कचऱ्याचे डबे. बोर्डावर बेटाकडं मोठा बान काढला, ज्यांना ठाव नव्हतं त्यांनाबी ठाव झालं. डबे माकडांनी पालथे केले. रोग रेड्याला नि औषध पखालीला, दुसरं काय.

आता यंदाचं ऐका. पाऊस लागून कवळीचा दिस आला, शनवारच व्हता. बबननं मला टेकडीवर सोडलं नि तो गिऱ्हाइकं आनायला काठावर गेला. मी उतारावर जाते तर उतार खळ्यावानी चोपलेला. तंबू ठोकून, नाचून नाचून माती अशी घट्ट झाली की बोट जाईना. कवळीचं एक पान नाय. हात लावून लावून बगितलं, रडले मी तिथं, खोटं कशाला सांगू. शेवटी करवंदीच्या जाळीत, जिथं तंबू बसत नाय, तिथं सात-आठ रोपं दिसली. काठावर सगळा गाव नारळ घेऊन थांबलेला. खुडली असती तर एवढी एवढी सगळ्यांना पुरली असती, रीत झाली असती. पन मंग बी कशाचं सांडनार? देवीला म्हनलं, बाई, काय कोप करायचा तो माझ्यावर कर, नि तशीच उठले.

बबन होडी भरून आला. मानसं उतरली नि मी होडीत बसले, रिकामी टोपली मांडीवर घेऊन. म्हनलं, ह्यांना परत बसव नि काठावर ने, मंग मी हितनं उठनार नाय, बगू होडी कशी हलवतोस. ती मानसं माझे व्हिडिओ काढाया लागली. काठावर आलो तर बबन म्हनतो, आये, ऊठ, तमाशा करू नको, कवळीनं पोट भरतं का? म्हनलं, नाय भरत. पन तुझ्या आजीचं घर पान्यात, खाचर पान्यात, ह्या टोपलीत काय यायचं तेवढंच वर राह्यलं व्हतं, ते तू तंबूखाली घातलंस. त्यानं टोपलीत बगितलं. गावानंबी बगितलं. मंग त्यानंच मशीन बंद केलं नि दोरी खुंटाला बांधली.

त्या संध्याकाळी गाव बसला नि ठरलं, पयल्या पावसापासनं कवळीचं बी सांडंपर्यंत होडी बांधलेली, नि उतारावर तंबू कधीच नाय. साहेबाचा उपाय नाय हा, आमचा हाय. बबन महिनाभर माझ्याशी बोलला नाय. जुन्या बाया आमी पावसाळाभर पालेभाजीला शिवलो नाय, सुकट नि डाळ खाल्ली. तरन्यांनी खाल्ली, खाऊ दे.

दिवाळीनंतर मी जाऊन बगून आले, शेंगा वाळल्यात, बी सांडलंय. होडी परत सुरू झाली, म्हनून तुमी आलात. पुढल्या पावसात कवळी येल का ते देवीला ठाव. मी असंन का तेबी तिलाच ठाव, सुनंला दाखवून ठेवलंय सगळं.

उठा आता, ऊन खाली गेलं. च्या घेतलात, बरं झालं. सुखानं जावा, देवी तुमचं भलं करो, पोराबाळांना बरं ठेवो. पन परत या म्हननार नाय मी तुमाला.