गटाराचं पाणी

पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत रांगेत माझ्यापुढे रंगाच्या कारखान्याचे मॅनेजर आणि त्यांचा सुपरवायझर तपासणीचा अहवाल हातात घेऊन उभे होते.

“आपल्या आवारातून वाहून जाणाऱ्या पावसाच्या पाण्यात एवढं तेल?”

“साहेब, नमुन्याची बाटली मी शेजारच्या गोदामाच्या गटारात भरली.”

“ही अक्कल कुणी दिली तुला?”

“आपली पिंपं उघड्यावर पडलीत. वाटलं, गोदामाचं पाणी स्वच्छ असेल.”

“अरे, त्यांचे ट्रक गळतात!”

“पण गोदामवाले काका आत्ताच पास होऊन गेले की. हसत होते.”

“एवढ्या तेलात? कसे काय?”

“साहेब, पाऊस सुरू झाला तेव्हा ते आपल्या गटारापाशी वाकले होते. मला वाटलं, चपला धुतायत.”