परतीचा ट्रक

गणपतराव : समज प्रेमिला, तू पोलादाची गोळी आहेस. मी ही दांडी ओढून सोडली. तू वर उडालीस. आता कुठे जाशील?

प्रेमिला : घंटीवर. मग दुसऱ्या घंटीवर. मग घसरत खाली. पण आजोबा, वरची काच तं फुटली, आता खेळायचं कसं?

गणपतराव : नवी बसवू. गोपाळरावांनी रायपूरच्या क्लबातून किती हौसेनं घेतलं हे जुनं पिनबॉलचं मशीन. त्यांना अमरावतीला फुटकं कसं पाठवायचं?

प्रेमिला : आजी म्हणते, आपल्या घरी पाहुणे कमी अन् मशीनं जास्त.

गणपतराव : म्हणू दे. आमच्यासारखे हौशी लोक, कोणी जुनी खेळाची मशीनं जमवतो, कोणी वजनकाट्याची. ती आणायची कशी, हाच सगळ्यांना घोर होता. म्हणून मी ट्रकवाल्यांची साखळी जमवली. संत्री उतरवून गाडी रिकामी परतते, तिच्यात मशीन येतं. कोणी भाडं मागत नाही.

प्रेमिला : हे कवडूकाकांच्या ट्रकात आलं.

गणपतराव : त्याचं नाव काढू नको.

प्रेमिला : काहून?

गणपतराव : खड्ड्यांत गाडी आपटत आणली त्यानं. मी स्वतः रायपूरला जाऊन, गाद्या लावून, मशीन उभं बांधून दिलं होतं.

प्रेमिला : तुम्ही त्याईले काल सगळ्या ड्रायव्हरांसमोर बोलले. म्हणे, तुझी गाडी आता नको. ते दुपट्ट्यात काचा गोळा करत राहिले.

गणपतराव : फोडल्या त्यानंच. सरक, त्या खाचेत अजून एखादा तुकडा असेल. तू नको, मी हात घालतो.

प्रेमिला : काय सापडलं? आजोबा? दाखवा ना. हे तं गोळी आहे.

गणपतराव : हो.

प्रेमिला : मशीन हलवायच्या आधी गोळ्या काढायच्या, असं तुम्हीच सांगता ना?

गणपतराव : सगळ्यांना मीच शिकवतो. आत राहिली की वाटभर काचेवर आदळत येते.

प्रेमिला : मग हे कोणी काढायची होती?

गणपतराव : मी.

प्रेमिला : आता?

गणपतराव : आज तो माल घेऊन कलकत्त्याला निघेल. परत आला की सांगेन. एकट्याला गाठून.

प्रेमिला : बोलले तेव्हा तं सगळे होते.

गणपतराव : आत जा. आजीला चहा ठेवायला सांग.

(प्रेमिला आत जाते. काही वेळाने आजी, शोभाताई, चहा घेऊन येतात.)

शोभाताई : घ्या. असे काहून बसले?

गणपतराव : कवडूपुढे कोणत्या तोंडानं उभा राहू, शोभा? मला मास्तर म्हणतो तो. प्रेमिलाला बोलाव जरा.

शोभाताई : पोरगी कुठं आहे घरी? मागच्या दारानं गेली, संत्रा मार्केटात. कवडूचा ट्रक भरून राहिला म्हणे.

गणपतराव : गोळीचं सांगायला गेली?

शोभाताई : नाही. पोरगी म्हणे, ते तुम्हीच सांगाल. कवडूले एवढंच सांगतो म्हटलं तिनं, की थांबा, आजोबा येऊन राहिले.