चालतंय म्हणणारा हिरवा दिवा

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. पडलेल्याला उचलावं की नाही? बोला की! — उचलावं! अगदी बरोबर. पण तो पडला हे कुणाला कळूच दिलं नाही तर? धूळ झटकली, पुन्हा उभा केला, आणि कुणी विचारलं तर म्हणायचं, "कुठे काय? चालतंय!" — ही दया झाली, की घात?

घाई नको. गोष्ट ऐका, मग सांगा.

एक होती अनघा. अनघा म्हणजे काय हो? जिच्यात दोष नाही ती! नाव ठेवताना आईबाप काय काय आशा धरतात! पोर हुशार, जिल्ह्याच्या गावी कॉम्प्युटरच्या कचेरीत नोकरीला. वडील दत्ताराम, सगळे आबा म्हणायचे. उन्हाळ्यात नदीचं पात्र उघडं पडलं की आबा वाळूत कलिंगडाची वाडी करायचे. शेजारी भीमाईची वाडी. भीमाई एकटी, कानानं पार बहिरी, पण जीभ? अशी तिखट, की कावळासुद्धा तिच्या कलिंगडावर बसत नसे!

वर धरण. दार उघडायचं झालं की पूर्वी भोंगा वाजायचा. आता आलं नवं! अनघानं प्रोग्रॅम लिहिला — दार उघडायच्या आधी नदीकाठच्या गावोगावी प्रत्येकाच्या फोनवर निरोप. मग भोंगा काढला. आबांना केवढा अभिमान! नंबर लिहून घेताना भीमाईला हाताला धरून घेऊन गेले. "आधी हिचा घाला. हिला भोंगा कधी ऐकू आला नाही, फोन कमरेला थरथरला तर कळेल. माझा मागून घाला."

लिहून घेणारा बाबा मराठीचा अभिमानी. भीमाईचा नंबर त्यानं मराठी आकड्यांत घातला, मग कुणी हटकलं म्हणून पुढचे इंग्रजीत. त्याचं चुकलं का हो? काही चुकलं नाही! पण अनघाच्या प्रोग्रॅमला मराठी आकडे कळत नव्हते. तो तिथे आला की — धाडकन पडायचा!

आता खरी गंमत. गंमत कसली, मला तर सांगताना भीती वाटते. हा प्रोग्रॅम ज्याच्या मांडीवर बसलेला, त्याला म्हणतात सर्व्हरचं सॉफ्टवेअर. फार सोशिक हो! लेकरू पडलं की ओरडायचं नाही, कुणाला हाक मारायची नाही. डोळ्याचं पातं लवतंय तोवर उचलायचं, आणि अर्धं राहिलेलं गाव तसंच सोडून पुढच्या गावाच्या कामाला लावायचं. वर हिरवा दिवा. चालू!

चाचणी झाली. अनघाला पडद्याच्या कोपऱ्यात एक ओळ दिसली — पडला होता, उचलला. तिच्या मनात पाल चुकचुकली. साहेबांना म्हणाली, "सर, मध्येच कुठेतरी पडतोय. बघू का?"

बोडससाहेब चहा घेत होते. "आत्ता चालतंय ना?"

"चालतंय."

"मग कशाला हात लावतेस?"

आणि तिनं लावला नाही! मंडळी, एकच शब्द! यंत्र सुरू असलं तरी चालतंय, आणि खोट असून खपवून घेतली तरी चालतंय! आपल्या भाषेनं दोन्हीला एकच शब्द दिला, आणि आपण त्याच्या आड लपलो.

चैत्रातली दुपार. आभाळात ढगाचं नाव नाही. खालच्या कालव्यांना पाणी हवं म्हणून दार उघडणार. निरोप सुटले. हिरवा दिवा. अनघानं डबा उघडला, आणि सहज आबांना फोन लावला.

"आबा, वर आलात ना?"

"वर कशाला? वेलांना पाणी घालतोय."

"निरोप नाही आला?"

"नाही गं. तुझा निरोप आल्याशिवाय मी हलेन का?"

हातातला घास खाली पडला! "आबा, पळा! पाणी सुटलंय! केव्हाच सुटलंय!"

आणि आबा काय म्हणाले? "थांब, भीमाई खाली आहे. तिला ऐकू येणार नाही." फोन वाळूवर टाकला आणि धावले.

फोन चालूच. अनघा ऐकतेय. आबांची हाक — "भीमेऽ! ए भीमेऽ!" लांब. आणखी लांब. मग एक आवाज. आधी वाटलं वारा. वारा नव्हता हो! तो वाढत गेला, जवळ आला, आणि फोन बंद पडला. समोर पडद्यावर? हिरवा दिवा! चालू!

आबा वाचले. काठावरच्या करंजाच्या मुळीला धरून लटकले होते, लोकांनी ओढून काढलं. भीमाईचा हात त्यांच्या हातात आला होता. सुटला.

अनघा गावी पोचली. आबा ओल्या धोतरात ओट्यावर बसलेले, मूठ घट्ट मिटलेली, कुणाला उघडू देत नव्हते. तिच्याकडे बघून एवढंच म्हणाले, "पोरी, तुझं ते चालत होतं ना गं?"

चालत होतं का हो? सांगा!

नंतर तिनं सगळं उलगडून बघितलं, आणि दोष सापडला — भीमाईच्या मराठी आकड्यांपाशी पडायचा, तिच्या मागचे आबासुद्धा राहून जायचे. अर्ध्या तासाचं काम! आता तो प्रोग्रॅम पडला की पडूनच राहतो, लाल दिवा लागतो, कचेरीभर बोंब होते. गावात भोंगा परत आला. भीमाई आली नाही.

भगवंत दयाळू आहे ना? मग त्यानं दुखणं का दिलं? काटा रुतला की कळ का येते? अहो, तोच त्याचा लाल दिवा! तो दयाळू आहे म्हणूनच झाकत नाही. झाकतो आपण. छातीत चमक येते — चालतंय! पोरगा रोज खोटं बोलतो, आई रोज सावरून घेते — चालतंय! का हसता? हसू नका. वरून पाणी सुटलंय की नाही, तुम्हाला ठाऊक आहे?

आता उठाल, चपला शोधाल, दारात कुणीतरी सहज विचारेल, "काय, चालतंय ना?" तेव्हा पटकन उत्तर देऊ नका. आधी त्या ओट्यावरची मिटलेली मूठ आठवा. आणि मग, मंडळी, खरं काय ते सांगा. सांगायचं बळ तो पांडुरंग देईल. घ्या त्याचं नाव!