गेटजवळचा बाक

अरे, तू सुशोभीकरणाचं नावच काढू नकोस, माझं डोकं फिरतं. आमच्या दिंडोशीच्या सोसायटीत गेट आणि सी विंगच्या मधोमध एक सिमेंटचा बाक होता. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून आई भाजी घेऊन आली की तिथे टेकायची, दम खायची, मग पुढे चालायची. एक दिवस बघतो तर बाक गायब, त्या जागी कुंड्यांची रांग!

रविवारी मीटिंग होती. मी सेक्रेटरीला सरळ विचारलं, "बाक कोणाला विचारून तोडला?"

"अरे, त्यावर कामवाल्या बायका डबे खात बसायच्या. गेटातून आत आलं की तेच समोर. बरं दिसतं का?"

"मग त्यांनी उन्हात उभं राहून जेवायचं? आणि माझ्या आईने काय करायचं?"

"काकूंना सांग ना, या वयात घरी बसा."

आई माझ्या शेजारीच बसली होती रे! माझ्या तोंडात शिवी आली होती, तेवढ्यात तीच उठली. सेक्रेटरी कुंड्यांचे फोटो दाखवायला उभा राहिला होता. ती हळूहळू चालत गेली आणि त्याच्या खुर्चीत बसली.

"काकू, ती माझी खुर्ची आहे."

आई भडकली की मालवणीतच बोलते. "उभो रव वायच. पाय दुखाक लागले की सांग माका."

मीटिंग संपेपर्यंत तो उभाच होता आणि एकानेही त्याला खुर्ची दिली नाही.

बाक अजून आलेला नाही. पण आई आता एकही मीटिंग चुकवत नाही, आणि बसते ती त्याच खुर्चीत.