डब्यातला चिखल

जुन्या जालन्यात टायरच्या दुकानात माझ्या सायकलचं पंक्चर निघत होतं. हसनाबादचे जीपवाले पुंजाराम बायकोला, मालनबाईला, टायर दाखवत होते.

"हे मोठ्या दातांचं घेऊ. चिखलातून बराबर निघतंय."

"अन् पुढं डांबरीवर? आपल्या पोरीला, बेबीनंदाला, सातवा महिना लागलाय. दवाखान्यात नेताना हादरे किती बसतील?"

"मंग हे बारीक खाचांचं घे."

"थांबा, तो डबा द्या."

"काय हाय त्यात?"

"आपल्या गावच्या पांदीच्या कच्च्या वाटेतला चिखल. बघा, ह्याच्या खाचांत दाबला तर निघंना. आता ते तिसरं आणा, मधी सलग पट्टी अन् कडंला दात हायेत ते."

"ह्याच्यातून तर झटकला की पडला."

"मधली पट्टी डांबरीला, कडंचे दात पांदीला. हेच बसवा."

"बसवून घेतो. पण जावई पोरीला माहेरी धाडतील का? पावसात तुमच्या गावातून दवाखान्यापत्तोर निघता येत न्हाई, असं म्हणून अडून राह्यले ते."

"म्हणूनच आधी अंबडला त्यांच्या दारात जाऊ. डब्याला झाकण लावा. अर्धा चिखल त्यांच्यासमोर ह्या टायरातून झटकून दावायला ठिवलाय."